विल्माबाई ज्या खुर्चीवर बसल्या

मित्रांनो, मी ब्रुकलिनच्या न्यायालयातली एक जुनी खुर्ची आहे. साक्षीदाराची. सत्तर वर्षांत माझ्यावर चोर बसले, पोलीस बसले, मोठमोठे डॉक्टर बसले. घामेजलेल्या तळव्यांनी माझे हात गुळगुळीत झाले. रंग उडाला, तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही. पण एका गुरुवारचा मला फार अभिमान आहे.

त्या हिवाळ्यात नासिर नावाच्या माणसाला आमच्याकडे आणलं. बोटीच्या धक्क्यावर बॉम्ब ठेवून नऊ माणसं मारल्याचा त्याच्यावर आरोप होता. अकरा वर्षं तो दूरच्या बेटावर लष्कराच्या कैदेत होता, खटल्याविना. तो तुरुंग बंद करावा का, अशा माणसाला साध्या न्यायालयात आणावं का, यावरून घराघरांत भांडणं झाली. विरोध करणाऱ्यांत विल्मा पिल्ग्रिम होत्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या. त्यांची मुलगी ओडेट धक्क्यावरच्या त्या स्फोटात गेली होती. नासिरला त्या बेटावरच सडू द्या, असं त्या सगळ्यांना सांगत.

सरकारी वकिलांनी त्यांनाच साक्षीला बोलावलं.

"बसा, बाई," आमचा शिपाई बेनी हळूच म्हणाला. "करकरली तर घाबरू नका. वय झालंय तिचं, माझ्यासारखंच."

विल्माबाई बसल्या. ओडेट डबा विसरली, परत आली आणि नेहमीची बोट चुकली, मग आपणच तिला पुढच्या बोटीसाठी धक्क्यावर सोडलं, हे त्यांनी सांगितलं. मग नासिरच्या वकिलाने विचारलं, त्या दिवशी धक्क्यावर याला पाहिलं होतं का?

हो म्हटलं असतं, तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. विल्माबाईंनी माझे हात घट्ट धरले.

"नाही. मी त्याला आज पहिल्यांदा बघतेय." मग त्या न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, अकरा वर्षं याला तिकडे ठेवलंत. तेवढ्या वर्षांत माझ्या ओडेटबद्दल मला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आज विचारलात."

बेटावर नासिरला मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब न्यायाधीशांनी बाजूला ठेवला. तरी उरलेला पुरावा भक्कम होता. ज्युरीतल्या बारा साध्या नागरिकांनी नासिरला दोषी ठरवलं. त्याला जन्मठेप झाली, सर्वांदेखत.

मित्रांनो, माझा एक पाय आता डुगडुगतो. बेनी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो, तेवढं मला पुरे. पण त्या बेटावर अजून माणसं खटल्याविना आहेत, आणि इथे कितीतरी आया कुणी विचारेल म्हणून थांबल्या आहेत. मला रिकामी ठेवू नका.