फौजदाराचा रोट

म्हसावदच्या त्या घरात दुपारी सगळे निजायचे, फौजदार सोडून. फौजदार म्हणजे काचेच्या टाकीतला मासा. वीतभर हिरवट अंग, त्यावर निळी चमक, शेपटीला नारिंगी काठ आणि कपाळावर टेंगूळ. सुरतेच्या दुकानदाराने त्याचं नाव 'ग्रीन टेरर' सांगितलं होतं. लोटन कंडक्टरने ते बस शहाद्याला पोचायच्या आत बदलून टाकलं. सोबत त्याने गरीब चेहऱ्याचे चार सोनेरी मासेही आणले होते. ते आठवडाभरही टिकले नाहीत. टाकी माझ्या एकट्याची, असं फौजदाराने जाहीर करून टाकलं आणि लोटनला ते इतकं आवडलं की काही विचारू नका.

त्याची बायको शोभाबाई म्हणायची, एका घरात दोन तुसडे कशाला? पण लोटनने पाण्यात हात घातला की हा दांडगट मासा त्याच्या बोटांना अंग घासायचा. शोभाबाईने घातला की कडकडून चावायचा.

लोटन गेल्या हिवाळ्यात वारला. तेव्हापासून शोभाबाई जेवण उरकलं की टाकीसमोर चटई टाकून पडायची. बुडबुडे वर जात राहायचे, भिंतीवर पाण्याचा उजेड हलायचा, आणि डोळा लागता लागता तिला वाटायचं, आपणच तळाशी पडलोय. वरून खाकी कपड्यातलं कोणीतरी वाकून बघतंय, आता हात आत घालेल. जाग आली की फौजदार तोंडाने खडे उचलून कोपऱ्यात खड्डा करत असायचा. ती उलथन्याच्या दांड्याने खडे सपाट करायची, तो पुन्हा उकरायचा. या भांडणात तिचे दिवस बरे चालले होते. खरं सांगायचं तर तिला दुसरं काही नकोच होतं.

तिच्या मुलाला, हेमकांतला, हे कुठून कळणार? तो सुरतेला नोकरीला. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला बायको-पोरासकट आला, तो ठरवूनच.

"माय, मंगळवारले शहादाना दुकानवाला येई, मासा लई जाई. मंग तू मन्हासंगे सुरतले चाल."

आजवर त्याने चल म्हटलं की तिचं एकच उत्तर असायचं, "मासाले कोन देखी?" आता ते उत्तरच दुकानवाला पिशवीत घालून नेणार होता. हे घर सुटणार, ही चटई सुटणार, तो हलता उजेडही सुटणार, एवढंच शोभाबाईला समजलं.

रोटाचे गहू काढायला ती आणि मोठी जाऊ रेवाबाई बसल्या. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचेच रोट, म्हणजे गुळाच्या जाड पोळ्या, मुठीमागे एक करायचे. यंदा कानबाई शोभाबाईकडे, म्हणून मुठी तिच्या. थोरले दीर भाईदास, पुतण्या दिनेश, हेमकांत, नातू भाग्येश. टाकीतला उजेड सुपातल्या गव्हांवर डुलत होता. ती बघत राहिली, आणि हात आपसूक पुन्हा पोत्यात गेला.

"शोभा, हाई मूठ कोना नावनी?" रेवाबाईने विचारलं.

शोभाबाई भानावर आली. गेलेल्या माणसाची मूठ धरत नाहीत, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण गव्हात गहू मिसळले होते, आणि देवीच्या नावाने काढलेलं धान्य परत पोत्यात टाकायचं नसतं.

"त्यासनी," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. रेवाबाईनेही डोळे पुसले. गहू तसेच दळले गेले.

कानबाई बसली. नारळाचं तोंड, काजळाचे डोळे, नाकात नथ. समईची ज्योत टाकीच्या काचेत पडली तसा फौजदार कल्ले फुगवून धडका द्यायला लागला. "देवीसंगे बी भांडस हाऊ!" म्हणून भाईदास पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत, नाचत देवीला नदीवर पोचवून सगळे रोट खायला बसले. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. शेजाऱ्याला द्यायचा नाही, पाहुण्याला द्यायचा नाही, कणसुद्धा बाहेर जायचा नाही. भाग्येश तर घास तोंडात धरूनच पेंगला. सगळ्यांचं झालं तरी ताटात एक रोट उरला. तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याला कोणी हात लावेना.

"आते हाऊ कोन खाई?" रेवाबाई म्हणाली.

शोभाबाई झोपेत चालावं तशी उठली. रोटाचा इवलासा तुकडा मोडून तिने टाकीत हात घातला.

"माय, तो चावी!" हेमकांत ओरडला.

फौजदार सरसावून आला, बोटांसमोर थबकला. तिने हात मागे घेतला नाही. मग त्याने झडप घातली, तुकडा घेतला, थुंकला, पुन्हा तोंडात घेतला आणि गिळून टाकला. पाण्यात रक्ताचा बारीक धागा तरंगला.

उरलेला रोट शोभाबाईने टाकीला पाठ टेकून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

मग रेवाबाई हेमकांतकडे वळली. "दुकानवालाले फोन कर, येऊ नको सांग. रोट खादा त्यानी. आते तो आपला भाऊबंद शे."

"मोठी माय, मासा शे तो!"

"मंग काय व्हयनं? भाऊबंदले कोनी घरबाहेर काढस का? आनि त्याले आठे कोन देखी? तुन्ही मायच ना?"

हेमकांतने आईकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून तो ओट्यावर गेला.

शोभाबाईने बोट तोंडात धरलं. गूळ आणि रक्त, दोन्हीची चव लागली.

"रोट लिधा, तरी चावना वं माले," ती रेवाबाईला हसत हसत सांगायला गेली, आणि लोटन गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.