माझा वाकडेपणा, वाऱ्यावर आळ

मी एक जुना, वाकडा पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाकातला! लेस्कोवाच शहरातल्या डेसांकाबाईंच्या दोन नाकपुड्यांमधली भिंत म्हणजे मी. वाढत्या वयात मी डावीकडे कलत गेलो. मित्रांनो, असे वाकडे पडदे पुष्कळांच्या नाकात असतात आणि बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. आमचं तसं झालं नाही. डावीकडची वाट मी अडवली, तर उजवीकडे शेजारचं एक नाजूक हाड हवा भरून फुगून बसलं. सायनसमध्ये साचलेलं बाहेर पडेना. बाईंचं कपाळ सारखं ठणकायचं, वास तर केव्हाच गेला होता.

आळ मात्र आला वाऱ्यावर. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की माणूस आजारी पडलाच, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आणि खिडकी उघडायची ती सून, तियाना.

“पुन्हा उघडलीस? डोकं फुटायला आलंय माझं!”

“आई, घरात जीव गुदमरतो हो.”

“तुझा गुदमरतो, माझा जातो!”

गुन्हा माझा आणि बोलणी तिला. मला फार लाज वाटायची.

एका शरदात बाई भाजलेल्या लाल मिरच्यांचा चटणीसारखा आय्वार घोटत होत्या. तो तळाशी लागला, घर करपट वासाने भरलं, तरी पातेल्यावर वाकलेल्या बाईंना पत्ता नाही. तियानाने धावत येऊन दोन्ही खिडक्या उघडल्या.

“मारायलाच टपलीयस मला!” बाई ओरडल्या.

तियानाने बॅग भरली. “मी चालले माहेरी. कायमची.”

मुलगा ओग्नेन दारात आडवा आला. “आई, एवढं करपलं आणि तुला वास नाही आला? उद्या डॉक्टरकडे चल. तियाना, तेवढं तरी थांब गं.”

डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. “वाऱ्याचा काय संबंध? पडदा वाकलाय, हाड फुगलंय. आत सगळं कोंडलंय.”

ऑपरेशन झालं, मी सरळ झालो. तियाना राहिली.

पुढच्या शरदात बाईच आधी ओरडल्या, “करपतंय गं! खिडकी उघड!”

तियानाचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. इतक्या वर्षांचा धाक होता तो. सरळ होऊनही मला पुन्हा अपराधी वाटलं.

मित्रांनो, नाक सतत चोंदत असेल तर घरातल्या माणसावर खापर फोडू नका. आधी एकदा आत काय आहे ते दाखवून घ्या.

बाईंनी सुनेचा हात धरला आणि खिडकीच्या कडीवर ठेवला.

“उघड,” त्या म्हणाल्या. “समोरचीही.”