मावशीचा गाल

चहा उकळेपर्यंत तिने सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी वाटीत काढली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि डबा भरायला घेतला. सासऱ्यांनी गोळी तोंडात टाकली, ते पाणी प्यायले आणि खिडकीतल्या कुंड्यांकडे निघाले.

"बाबा, आ करा बघू."

"आता दात पण तपासणार? मी माणूस आहे, तुझं माकड नाही."

"माकडं परवडली. ती निदान मुकाट्यानं गिळतात."

त्यांनी नाइलाजाने आ केला. गोळी गालात होती. ओशाळे हसत त्यांनी पेला पुन्हा तोंडाला लावला.

संशोधन केंद्राच्या पशुगृहात ती पशुवैद्य होती. तिथल्या माकडांना एचआयव्हीच्या जातकुळीतल्या विषाणूची लागण केलेली होती. आधी रोजच्या औषधाने विषाणू दाबून ठेवायचा, मग प्रतिपिंडांची इंजेक्शने देऊन शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करायची आणि शेवटी औषध बंद करून वाट पाहायची, असा तो प्रयोग होता. औषध बंद होताच एकेकाच्या रक्तात विषाणू परतला. एकट्या बारकी नावाच्या माकडिणीचे रक्त स्वच्छ राहिले. तिच्याच भरवशावर प्रकल्पप्रमुख दुसऱ्या दिवशी परिषदेत बोलणार होते.

बारकीच्या शेजारच्या पिंजऱ्यात मावशी नावाची थोराड माकडीण राहत असे. ती नंतरच्या तुकडीतली, त्यामुळे तिचे औषध अजून चालू होते. दोघींमध्ये पूर्वी पोलादी पत्रा होता. एकटेपणाने बारकी स्वतःचे केस उपटू लागली, तेव्हा पशुवैद्यबाईंनी वरिष्ठांशी भांडून तो पत्रा काढायला लावला आणि तिथे जाळी बसवून घेतली. तेव्हापासून दोघी जाळीतून एकमेकींचे केस विंचरल्यासारखे चाचपत बसत. बारकीचे उघडे पडलेले दंड पुन्हा केसांनी भरून आले होते.

त्या दिवशी मावशीने औषध भरलेला केळ्याचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. एरवी पशुवैद्यबाई इथूनच पुढच्या पिंजऱ्याकडे वळल्या असत्या. आज सासऱ्यांचा गाल डोळ्यांसमोर आला आणि त्या थांबल्या. मावशीचा गाल फुगलेलाच राहिला. बऱ्याच वेळाने मावशीने तुकडा हातावर काढला. जाळीतून बारकीची बोटे आली आणि सवयीने तो उचलून घेऊन गेली.

ती खोलीत गेली तेव्हा प्रकल्पप्रमुख बॅग भरत होते.

"काय डॉक्टरीणबाई, आपली लाडकी काय म्हणते?"

"सर, तिच्या रक्तात औषध आहे का, ते बघायला हवं."

"औषध? तिचं केव्हाच बंद केलंय की."

"तिचं बंद आहे. मावशीचं चालू आहे." तिने पाहिलेले सगळे सांगितले.

ते बॅगेची चेन धरून तसेच उभे राहिले. "एकदा पाहिलंत ना? लगेच घाबरवू नका. मी परत आल्यावर निवांत बघू." मग आवाज न चढवता ते म्हणाले, "आणि हे खरं निघालं तर जाळ्या जाणार. सगळ्याच. तुम्हीच हट्ट धरला होता, म्हणून म्हणतो."

"माहीत आहे, सर."

ती पशुगृहात परतली. बारकी जाळीला पाठ लावून बसली होती आणि मावशी तिच्या मानेवरचे केस बाजूला सारत होती. एवढ्या एका माकडाच्या आधारावर उद्या माणसांवरच्या चाचण्यांची भाषा सुरू होईल, हे तिला ठाऊक होते. मग तिने हातमोजे चढवले. शिकवल्याप्रमाणे बारकीने हात बाहेर काढला. रक्त घेऊन झाल्यावर तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली, औषधाचे प्रमाण तपासण्याची सूचना लिहिली आणि नमुना दुपारच्या गाडीने प्रयोगशाळेकडे धाडला. सरांना निरोप पाठवला : नमुना गेला आहे, निकाल तुमच्या भाषणाआधी येईल.

कोठीत पत्रे अजून भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एक तिने स्वतः पुसला, दोन्ही पिंजऱ्यांमधल्या खाचेत बसवला आणि हळूहळू, आवाज होऊ न देता, आत सरकवला.