शिळा उघडली की आधी कंदील

धावडा गावच्या पांढरीत, म्हणजे वस्तीखालच्या पांढऱ्या मातीत, जमिनीखाली, मी आहे, मित्रांनो. एक जुनं पेव. म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा. तोंड एका माणसापुरतं, पोट रांजणासारखं. तोंडावरची शिळा हलते तेव्हाच मला जग दिसतं. म्हणून माझं आयुष्य तुटक तुटकच सांगता येईल.

शिळा उघडली.

कारभारी आणि कडूबा, दोघे भाऊ, ज्वारी ओतत होते. "खाय, पोटभर खाय," कडूबा माझ्या भिंतीला थोपटून म्हणाला. तेव्हा गावात माझा मान होता. आणि नियमही होता. बंद धान्यावर विषारी हवा साचते. तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर माणसानं उतरायचं नाही.

शिळा बंद.

उघडली ती टंचाईत, १९८६ साली. शिवार करपलं होतं. दूरवरचा गहू रेल्वेनं जालन्याला येई, तिथून गावोगाव. कुठे किती आणि आधी कुणाला, हे ठरवायला तहसीलचे भालचंद्रराव घरोघरची शिल्लक मोजत होते. मी ज्यात आहे त्या गोठ्याचं दार कारभारींनी आतून लावलं होतं.

"जवारी दिसली की आपला गहू कापतेत. जीप येऊन राह्यली. जल्दी उतर, खायापुरतं एक पोतं भर, मंग झाकून टाकू."

"आन् कंदील?" कडूबाच्या बायकोनं, झुंबरबाईनं विचारलं.

"तू सायबाला चहा ठेव. तवर मी आलोच वर." कडूबा हसत उतरला.

दमल्यासारखा ज्वारीवर बसला. मग आडवा झाला.

झुंबरबाई ओरडणार तोच कारभारींनी तिच्या तोंडावर हात दाबला. "जीप जाऊ दे." ती हाताला कडकडून चावली, मग ओरडली. भालचंद्ररावांनी दार मोडलं. जीपचा दोर आला. कडूबाला वर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

शिळा बंद.

कडूबाचं तेरावं झाल्यावर उघडली. भर दुपारी, दार सताड.

"लिव्हा सायेब," झुंबरबाई म्हणाली. "सगळी लिव्हा."

"ही कुणी नेणार नाही, बाई. आहे ती खा. पहिली गाडी जिथं काहीच नाही तिथं जाऊ द्या. तुमचा गहू मागून येईल. कापणार नाही."

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

भालचंद्ररावांनी सगळी ज्वारी लिहून घेतली.

त्या साली गहू येईपर्यंत गाव माझी ज्वारी वाटून खाऊन जगलं. पुढे रेशनचा गहू सवयीचा झाला, शेतात कापूस आला. माझ्यात कुणी काही ओतलं नाही.

तरी वर्षातून एकदा झुंबरबाई शिळा काढायला लावते. आता तिचे केस पांढरे आहेत. ती कंदील सोडते. माझ्या रिकाम्या तळाशी ज्योत जळत राहते आणि ती वाकून बघते, कुणी वर यायचं राहिल्यासारखं.

मित्रांनो, अडीअडचणीसाठी धान्य राखा. राखलेलं दडवू नका. आणि तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होऊन गावाची ज्वारी मोजायला आलं, तर जीपमधून उतरल्या उतरल्या आधी सांगा, कशासाठी मोजता ते.