गळाचा दात

तिसऱ्यांदा मासा सुटला तेव्हा जहांगीरने डोक्याला हात लावला. तलावाच्या सांडव्याशी दोघे संध्याकाळपासून उभे होते आणि आता मध्यरात्र उलटली होती. श्रीमंतने मात्र रीळ फिरवून दोरा गोळा केला आणि आमिषाचा लाकडी मासा हातात घेऊन चाचपला. पाठीवर दोन ताजे ओरखडे बोटाला लागले. मरळीचेच दात, आणि मरळ लहान नव्हती.

श्रीमंत सुताराने उभ्या हयातीत चाकूरच्या आसपास निम्म्या घरांच्या चौकटी बसवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, पण बोटे शाबूत होती. त्याच बोटांनी त्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा चार बोटे लांबीचा मासा कोरला. पोटात जहांगीरच्या सायकल दुकानातले दोन छर्रे घातले, म्हणजे ओढताना खुळखुळ आवाज यावा. वरून काळा रंग दिला. रात्री मासा खालून आभाळाकडे बघतो, तेव्हा त्याला काळेच उठून दिसते, हे त्याचे ठाम मत होते. गाव हसले. लाकडाला भुलायला मासे काय मतदार आहेत, असे पारावर कुणीतरी म्हणाले.

हसण्याचे त्याला काही नव्हते. खरा काटा होता लातूरच्या मुलाचा. दयानंदने निर्वाणीचे सांगितले होते की आंधळ्या माणसाने खेड्यात राहू नये, रविवारी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू. श्रीमंतही पेटला. जो रातच्याला मरळ काढतो, त्याला स्वतःच्या घरात राहता येत नाही होय? दयानंद फोनवर हसून म्हणाला, एक तरी काढून दाखवा, पुन्हा विषय काढणार नाही. तेव्हापासून दोघे रोज रात्री तलावावर येत होते, आणि ही शनिवारची, शेवटची रात्र होती.

"आपल्याला गळच बदलाया पायजे," जहांगीर म्हणाला. त्याने बॅटरी लावून गळ पाहिला आणि टोकावरून अंगठा फिरवला. गळाच्या टोकाशी उलटा दात असतो, त्याच्यामुळेच मासा अडकून राहतो. तो दात कुणीतरी कानशीने घासून साफ केला होता. "हे कुणी केलं रे?"

"केवळीनं," श्रीमंत म्हणाला. "माझ्याच कानशीनं."

"तुला ठावं व्हतं?"

"पहिल्याच राती. बोटाला कळंना व्हय मला?"

केवळाबाई त्याची बायको. मोठा मासा आंधळ्याला पाण्यात ओढून नेईल, या धास्तीने तिने हे केले होते, आणि श्रीमंतला ते न सांगता समजले होते. पण दुसरा गळ लावायचा म्हणजे तिच्या भीतीने आपल्याला अडवले असे कबूल करायचे. ते त्याच्याकडून होणे नव्हते. बिनदाताच्या गळानेही मासा येतो, फक्त दोरा क्षणभरही ढिला पडता कामा नये. त्याने पुन्हा फेक केली.

छर्रे खुळखुळले, थांबले, खुळखुळले. मग पाणी मोठ्याने फुटले आणि काठी वाकली. जहांगीर धावून आला, तशी श्रीमंतने त्याला खांद्याने ढकलले.

"हात लावू नको. पडलो तर पडू दे."

मग तो उलट्या पावलांनी मागे चालू लागला. इथल्या दगडांची पायांना ओळख होती. मासा उसळला की तो दोन पावले मागे सरे, पण दोरा ताणलेलाच ठेवी. एकदा घसरून तो गुडघ्यावर बसला, काठी तेवढी वर राहिली. अखेर गवतावर काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला. जहांगीरने झडप घातली आणि "या अल्ला," एवढेच म्हणाला.

फटफटताना श्रीमंतने ती मरळ चुलीपुढे टाकली. विती टाकून मोजली, साडेतीन भरली. केवळाबाई माशाकडे बघत राहिली, मग नवऱ्याच्या फुटलेल्या गुडघ्याकडे. तिचा चेहरा उतरला.

"म्या गळ घासला व्हता," ती म्हणाली.

"म्हाईत हाय."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तू दुसरं कायतरी घासलं असतंस."

ती हसली नाही. डोळे पुसून तिने गुडघ्यावर हळद दाबली, जरा जोरानेच, आणि तो "स्स" करीपर्यंत हात काढला नाही. मग कोनाड्यातला मोबाईल घेतला. दयानंद गाडी धुवायलाच निघाला होता. पलीकडून तो काय काय बोलत होता ते श्रीमंतला ऐकू येत होते, कपडे भरले का, गॅस बंद केला का. केवळाबाईने त्याचे सगळे बोलणे संपू दिले.

"न्यायला येऊ नगंस," ती म्हणाली. "जेवायला ये."