‘तपासले’ या शब्दापुढची सही

पुलांचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात तिला भिंगबाई म्हणत. नकाशातली चूक तिच्या नजरेतून सुटत नाही असं सगळे समजत, आणि खरं म्हणजे तीही समजत होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली आणि एका मंगळवारी भर दुपारी नदीवरचा मोठा पूल पडला. एकोणीस माणसं गेली.

तिने जुन्या ऑफिसात जाऊन फाइल काढायला लावली. तुळयांचं गणित होतं, खांबांचं होतं. तुळया एकमेकींना जोडणाऱ्या लोखंडी प्लेटांचं मात्र एकही पान नव्हतं. नकाशात पंचवीस मिलिमीटर जाडी हवी तिथे बारा. खाली कोपऱ्यात ‘तपासले’, आणि पुढे तिची सही. तो दिवस तिला लख्ख आठवला. नकाशे संध्याकाळी जायचेच होते. प्लेटांचं कधी काही चुकतं का, बाकीचं बघून टाका, असं साहेब म्हणाले, आणि तिने गणित मागितलंच नाही.

मुलाने परोपरीने समजावलं. साहेब वारले, पूल बांधणारी कंपनी बुडाली, तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? तरी ती चौकशी समितीपुढे गेली. आपली चूक सांगून झाल्यावर म्हणाली, "हेच नकाशे वरच्या अंगाच्या पुलालाही वापरलेत. आता सगळी वाहतूक त्याच्यावरून चाललीय. तो आज बंद करा."

अधिकारी सज्जन होते. त्यांनी तिला पाणी दिलं. समिती पडलेल्या पुलापुरतीच आहे, उभ्या पुलाचं लेखी द्या, म्हणाले. तिने दिलं. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. अहवालात दोष प्लेटांचा निघाला; तिचं नाव नव्हतं, आणि वरच्या पुलाबद्दल अवाक्षर नव्हतं. पुलाच्या तोंडाशी पाटी तेवढी लागली: जड वाहनांना बंदी.

एका रविवारी मुलगा तिला गाडीतून त्या वरच्या पुलापलीकडे घेऊन गेला. पुलाखाली जायला तिकडचा उतार सोपा होता. खाली उतरून तिने काठाजवळच्या प्लेटला स्टीलची पट्टी टेकवली. प्लेट मधोमध फुगली होती. पट्टीच्या टोकाखालच्या फटीत तिची करंगळी सहज शिरली.

वर येऊन तिने वाळूची लॉरी अडवली. ड्रायव्हरने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"आजी, पाटी वाचता येते मला," तो म्हणाला. "दुसरा रस्ता कुठाय?"

तो गेला. त्याच्या मागून आणखी तीन गेल्या. घर नदीच्या अलीकडे होतं, परतायला हीच वाट. मुलाने गाडी पुलाच्या तोंडाशी थांबवली.

"आई, आज नाही ना पडणार?"

"ते मला सांगता येत नाही."

मागचा हॉर्न वाजवायला लागला. मुलाने गिअर टाकला.