बसली म्हणजे जुळली?

सोजरबाईंनी आयुष्यभर रेल्वेच्या दवाखान्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दौंडच्या आसपासच्या गावांत फिरून म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. जुना कॉम्प्युटर बंद पडला, पण ओव्यांची हार्ड डिस्क शाबूत होती. लेक भाग्यश्री कुरकुंभच्या कारखान्यात दाब-तापमान मोजणारे मीटर दुरुस्त करायची. "नवा कॉम्प्युटर आपणच जोडू," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दिवाणावर सगळे भाग मांडले. पॉवर सप्लायच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबल्स बघून सोजरबाई पुढं सरकल्या.

"ह्या दोन्हीला आठ-आठच टोकं हायेत की. मग वेगळ्या कशाला?"

"ही प्रोसेसरची, ती ग्राफिक्स कार्डची. खाचा बघ ना आई, काही चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले. चुकीची आत जातच नाही."

सोजरबाईंनी चुकीची लावून पाहिली. खरंच गेली नाही. बरोबरची टक् करून बसली, तशा त्या खूश झाल्या.

मदरबोर्डची रुंद केबल लावली, बटण दाबलं, पंखा फिरला, तसा कॉम्प्युटर पुन्हा बंद केला. आता राहिली फक्त हार्ड डिस्क. ती अगदी तळाच्या कप्प्यात होती आणि नव्या सप्लायची केबल तिथवर पोचेना. भाग्यश्रीनं जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायची लांब केबल काढली. तिचं टोक नव्या सप्लायच्या भोकात अलगद बसलं.

"बसली बघ!" ती म्हणाली. दुसरं टोक डिस्कला लावायला तिनं हात नेला.

"थांब गं. दोन कंपन्यांचे सप्लाय, आन् आतल्या तारांची रांग सारखीच असंल व्हय?"

भाग्यश्रीचा हात थांबला. तिला ठाऊक नव्हतं. डिस्ककडची टोकं सगळीकडं सारखी असतात, एवढं पक्कं होतं. सप्लायकडच्या टोकाचा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

"बघू या," म्हणत तिनं मल्टिमीटर आणला. डिस्क लांब ठेवून कॉम्प्युटर चालू केला आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला. जिथं पाच व्होल्ट हवे, तिथं बारा दिसले. तिनं पुन्हा लावून पाहिलं. बाराच.

"म्हंजी काय झालं असतं?"

"डिस्क जळली असती आई."

सोजरबाईंनी डिस्क जवळ ओढून घेतली. शेवटची ओवी दिलेली साखरबाई गेल्या उन्हाळ्यात वारली होती; तिचा आवाज आता फक्त त्या डिस्कवर होता.

भाग्यश्रीनं सप्लाय बंद करून जुनी केबल काढली आणि डिस्क वरच्या कप्प्यात बसवली. आता नवी केबल आरामात पोचली. थोड्याच वेळात पडद्यावर फायली दिसू लागल्या. एक उघडली, तर आधी खोकला आणि मग साखरबाईचा खडा आवाज आला.

सोजरबाईंनी पुरती ओवी ऐकली, डोळे पुसले आणि मीटर हातात घेतला.

"आता मला शिकव, पाच कुठं आन् बारा कुठं."